नोटेवरच्या बायका आणि त्यांच्या हातातले पैसे

निळावंती
जपानची पाच हजार येनची जुनी नोट परवा हातात आली. २००४ साली निघालेली. तिच्यावर हिगुची इचियो या लेखिकेचा चेहरा आहे. मागे बांधलेले केस, शांत डोळे, फार सुंदर कोरलंय. म्हणून सहज तिच्याबद्दल वाचायला बसले आणि नोट बाजूलाच राहिली.

वडील गेले तेव्हा ही सतरा वर्षांची. आई आणि धाकटी बहीण हिच्या जिवावर. शिवणकाम, उसनवारी, गहाणवट, सगळं करून झालं. लिखाणावर घर चालेना म्हणून तोक्योत योशिवारा या वेश्यावस्तीला लागून किरकोळ मालाचं दुकान टाकलं, तेही वर्षभरात बंद पडलं. मग शेवटच्या दीडेक वर्षात एकामागून एक कथा लिहिल्या, नाव झालं, आणि १८९६ मध्ये क्षयाने गेली. वय २४.

जिचा जन्म पैशाची तोंडमिळवणी करण्यात गेला, तिला मेल्यावर १०८ वर्षांनी नोटेवर बसवलं. हा मान म्हणायचा की थट्टा? मला खरंच ठरवता येत नाहीये. जगभरात नोटांवर ज्या बायका आल्या त्यांचं आणि पैशाचं आयुष्यात काय नातं होतं, हे कुणी पाहिलंय का? माहीत असेल ते लिहा.

एक विनंती: 'नोटेवर कोण हवी' याच्या याद्या नकोत. तो वेगळा धागा होईल आणि त्यात मारामाऱ्या होतील.

शंकासुर
परदेशी नोट 'हातात आली' म्हणजे नक्की कशी आली? जपून लिहा, आयकरवाले वाचनमात्र असतात. (हलके घ्या.)

बिनपाकीट
पण नोटा वापरतं कोण अजून? माझ्या खिशात गेल्या सहा महिन्यांत एकही नव्हती.

शंकासुर
@बिनपाकीट, आयडी सार्थ केलात.

कोपऱ्यातला
चांगला विषय. माझ्याकडे नोटांचा छोटासा संग्रह आहे, म्हणून दोन शब्द.

तुमच्या इचियोला जोडीदारीण आहे. चेक प्रजासत्ताकाच्या ५०० कोरुनाच्या नोटेवर बोझेना नेमत्सोवा आहे. तिकडच्या गद्याची आईच म्हणतात तिला. तीही १८६२ मध्ये प्राग शहरात गरिबीतच गेली. तेव्हा लोकांनी धड मदत केली नाही, आता तिचा चेहरा असलेली नोट खिशात नाही असा माणूस तिथे सापडणं कठीण.

त्याहून मजेची मारी क्युरी. पोलंडने १९८९ मध्ये वीस हजार झ्लोटीच्या नोटेवर तिला आणलं. तेव्हा तिथे महागाई अशी उसळली होती की नोटेवरची शून्यं वाढतच चालली होती. १९९५ मध्ये नवं चलन आलं, दहा हजार जुन्या झ्लोटींचा एक नवा. म्हणजे वीस हजारवाल्या क्युरीबाई एका फटक्यात दोन झ्लोटींच्या झाल्या. किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल ऐकून होतो, नोटेचा तिथे पाहिला.

फ्रान्सने त्याच सुमारास तिला ५०० फ्रँकवर घेतलं, पण नवऱ्यासोबत. दोन नोबेलं मिळवलेल्या बाईलासुद्धा नोटेवर एकटीला बसू दिलं नाही असं आमची ही म्हणते. मी म्हटलं, तोही नोबेलवाला होता गं. तर म्हणे, एकच ना?

मधुरा_क
@कोपऱ्यातला, वहिनींना माझा दंडवत कळवा.

ब्रिटनचं सांगते. तिथे २०१३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने जाहीर केलं की पाच पौंडांवर चर्चिल येणार. ही नोट तोवर होती एलिझाबेथ फ्रायची, तुरुंगातल्या कैदी बायकांसाठी काम करणारी. ती गेली की राणी सोडून एकही बाई नोटांवर उरत नव्हती. कॅरोलिन क्रियादो पेरेझ यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, ३५,००० च्या वर सह्या झाल्या, आणि त्याच वर्षी जुलैत बँकेने दहा पौंडांवर जेन ऑस्टेन येईल असं सांगितलं. नोट आली २०१७ मध्ये, तिच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा.

इथवर छान. पण निर्णय जाहीर झाल्यावर क्रियादो पेरेझ यांना ट्विटरवर बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्यांचा पाऊस पडला. पुढे दोघांना तुरुंगवास झाला, त्यातली एक बाईच होती. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या लेखिकेचं चित्र एका कागदावर येणार, एवढ्यासाठी!

मूळ प्रश्नाबद्दल: ऑस्टेनचं पहिलं पुस्तक १८११ मध्ये आलं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं, लेखक म्हणून फक्त 'एक स्त्री' एवढंच छापलेलं. हयातीत तिच्या एकाही कादंबरीवर नाव छापलं गेलं नाही. नाव नाही छापायचं, चेहरा मात्र कोट्यवधी वेळा छापायचा.

खजिनदार
मी तेहतीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. आयुष्यात किती नोटा मोजल्या याचा हिशेब नाही. एक खरं सांगू? चेहरा कुणी बघत नाही. मोजणारा रंग बघतो, आकार बघतो, अंगठ्याला कागद लागतो तो बघतो. चेहरा कामाला येतो तो दोनच वेळा. एक, बंडल बांधताना सगळ्या नोटा एका अंगाने लावायच्या असतात तेव्हा. आणि दोन, नोट संशयास्पद वाटली तर. तेव्हा मात्र आधी डोळेच बघतो आम्ही. खोट्या नोटेतला माणूस मेल्यासारखा बघतो.

ओवी
"खोट्या नोटेतला माणूस मेल्यासारखा बघतो." काका, हे वाक्य मी ढापणार आहे.

सई
खजिनदारकाका, अगदी. मी ऑस्ट्रेलियात दहा वर्षं आहे. इथे प्रत्येक नोटेच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाई, बहुतेक सगळ्या मालिकेत समान वाटणी. पाच डॉलरवर तेवढी राणी होती. आणि या बायका कोण, हे मी हा धागा वाचेपर्यंत बघितलंच नव्हतं! काल बसून बघितलं.

वीस डॉलरवरच्या मेरी रायबी आपल्या निळावंतीच्या प्रश्नाला एकदम उलट उत्तर आहे. ही बाई इंग्लंडात तेरा वर्षांची असताना मुलाचा वेश करून फिरत होती आणि घोडा चोरल्याबद्दल पकडली गेली. शिक्षा म्हणून जहाजात घालून इकडे पाठवली. इथे लग्न झालं, मुलं झाली, नवरा वारला, आणि मग तिने जहाजं, गोदामं, जमिनी असा पसारा वाढवला की सिडनीतल्या बड्या व्यापाऱ्यांत गणना. म्हणजे घोडाचोर ते नोटेवर. हिला नोटेवर बसायचा अधिकार पैशानेच दिला म्हणा.

आणि पन्नास डॉलरवर ईडिथ कावन. १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही संसदेत निवडून आलेली पहिली बाई. २०१८ च्या नव्या नोटेवर तिच्या पहिल्या भाषणातला उतारा भिंगाने वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरात छापला. त्यात 'जबाबदारी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दातला एक 'आय' गळाला. २०१९ मध्ये कुणीतरी भिंग लावून बघितलं तेव्हा कळलं. तोवर ४ कोटी ६० लाख नोटा छापून झाल्या होत्या.

शंकासुर
जबाबदारी कुणाची, यावर अजून चौकशी चालू असेल.

कोपऱ्यातला
छापाईच्या चुकांवरून आठवलं. ऑस्टेनच्या नोटेवर एक वाक्य आहे, "वाचनासारखा आनंद दुसरा नाही" अशा अर्थाचं. किती गोड, नाही? तिच्याच कादंबरीतलं आहे. पण ते म्हणते कोण, तर वाचनाची काडीची आवड नसलेली, समोरच्या श्रीमंत तरुणावर छाप पाडायला पुस्तक हातात धरून बसलेली कॅरोलिन बिंग्ली. जांभया देत म्हणते. शिवाय नोटेवर मागे जो वाडा दाखवलाय तो ऑस्टेनचा नव्हेच, तिच्या भावाचा. तिला बसायला दिलेली खुर्चीसुद्धा उसनी.

मधुरा_क
आणि चेहराही उसनाच म्हणा! बहिणीने काढलेलं एक अपुरं पेन्सिलचित्र, त्यावरून १८७० च्या सुमारास पुतण्याने चरित्रासाठी जरा गोंडस करवून घेतलेलं चित्र, ते नोटेवर. मूळ चित्रात ती हाताची घडी घालून वैतागलेली दिसते. मला तीच आवडते.

अधेमधे
धाग्याची सुरुवात वाचून एक वेगळीच गोष्ट सुचली ती मांडतो. पटली तर घ्या.

नव्वदच्या दशकात जर्मनीच्या मार्कच्या आठ नोटा होत्या. त्यातल्या चारांवर बायका: बेटिना फॉन आर्निम, आनेट फॉन ड्रोस्ट-ह्यूल्सहॉफ, क्लारा शूमान, मारिया सिबिला मेरियान. निम्म्या! मेरियान तर पाचशे मार्कांवर. फुलपाखरं आणि अळ्यांचा अभ्यास करायला १६९९ मध्ये सुरिनामला गेलेली बाई. इटलीत माँटेसोरी हजार लिरांवर. फ्रान्सात क्युरी. मग २००२ मध्ये युरो आला आणि नोटांवर आल्या खिडक्या, कमानी, पूल. तेही खऱ्यातले नाहीत, काल्पनिक, कारण खरा पूल घेतला तर तो कुठल्या तरी एका देशाचा होणार. सगळी माणसं गेली, त्यात बायकाही.

डेन्मार्कच्या पन्नास क्रोनवर कारेन ब्लिक्सेन होती. पुढच्या मालिकेत पूल आले. नॉर्वेच्या नोटांवर किर्स्टेन फ्लाग्स्टाड आणि सिग्रीद उन्सेट होत्या. २०१७ पासून समुद्र, लाटा आणि मासे. स्वित्झर्लंडने १९७१ मध्ये बायकांना मत दिलं, १९९५ मध्ये पन्नास फ्रँकवर सोफी टॉयबर-आर्प आली, २०१६ पासूनच्या मालिकेत माणसंच नाहीत. कॅनडाच्या पन्नास डॉलरच्या मागच्या बाजूला 'बाई ही कायद्याने व्यक्ती आहे' असा निकाल मिळवणाऱ्या पाचजणी होत्या. २०१२ मध्ये त्यांच्या जागी बर्फ फोडणारं जहाज आलं.

म्हणजे गाडीत बाईला जागा मिळाली, जरा टेकली, तोच घोषणा झाली की ही गाडी यार्डात जाणार आहे.

ओवी
@अधेमधे, फिलिपीन्स राहिलं. हजार पेसोंवर तिघे होते, जपानी ताब्याच्या काळात मारले गेलेले. त्यात होसेफा लानेस एस्कोदा, तिथल्या मुलींच्या स्काउट चळवळीची संस्थापक. २०२२ मध्ये नवी प्लास्टिकची नोट आली, तिच्यावर गरुड.

अधेमधे
पूल, मासा, जहाज, गरुड. संच पूर्ण झाला.

वाचनमात्र
मी सहसा लिहीत नाही. पण अधेमधे यांच्याशी थोडा असहमत. माणसं काढायची कारणं साधी आहेत: कोण निवडायचं यावर भांडण नको. बायकांना काढायचं म्हणून कुणी काढलं नाही. आणि जिथे माणसं ठेवली तिथे बायका वाढल्याच. स्वीडनच्या २०१५ नंतरच्या सहा नोटांत तीन बायका: आस्त्रिद लिंडग्रेन, ग्रेटा गार्बो, बिर्गिट निल्सन.

बिनपाकीट
आणि स्वीडनमध्ये आता नोटा कोण वापरतं, हे मी विचारू का अधेमधे यांनी विचारायचं?

अधेमधे
तुम्हीच विचारा, तुमचा हक्क आहे.

शंकासुर
मला एक भाबडा प्रश्न. आधी एवढे पुरुषच का होते? राजे होते म्हणून, एवढंच?

कोपऱ्यातला
ते तर आहेच. पण एक कारीगरीचं कारणही सांगतात. नोटेवरचा चेहरा धातूच्या पत्र्यावर बारीक रेघा आणि ठिपके कोरून होतो, बोट फिरवलं की खरखरीत लागते ती छपाई. दाढी, मिशा, सुरकुत्या असल्या की रेघांचं जंगल करता येतं आणि नक्कल करणाऱ्याची दमछाक होते. गुळगुळीत तरुण गालावर रेघा कुठे मारणार? इचियोचा चेहरा कोरणाऱ्यांना म्हणूनच अवघड गेला.

अर्थात आताच्या नोटेत पाणचिन्ह, धागा, पारदर्शक खिडकी, रंग बदलणारी शाई इतकं असतं की ही सबब चालायची नाही.

आणि दुसरी अडचण चेहराच माहीत नसण्याची. जपानमध्ये १८८१ मध्ये एक येनच्या नोटेवर सम्राज्ञी जिंगू आली. ही पुराणकाळातली, चित्र कुठून आणणार? कोरणारा होता इटलीहून आलेला एदोआर्दो किओसोने. नोट नीट बघितली तर सम्राज्ञीचे नाकडोळे सरळ सरळ युरोपी.

सई
अमेरिकेच्या २००० सालच्या डॉलरच्या नाण्यावर सॅकागविया आहे, तिचंही असंच. हयातीतलं चित्रच नाही, म्हणून तिच्याच शोशोनी जमातीतल्या एका कॉलेजकन्येला बसवून शिल्प केलं. ही पद्धत मला किओसोनेपेक्षा बरी वाटते.

मुंगूस
सगळं जग झालं, आपल्याकडचं काय? आपल्या नोटेवर बाई कधी?

निळावंती
आलं! यादी नको म्हटलं होतं ना मी.

मुंगूस
यादी नाही ओ, एकच नाव सांगतो. सावित्रीबाई.

डोंगरवाट
ताराराणी.

मधुरा_क
आनंदीबाई जोशी.

फ्रेंच_दाढी
रमाबाई. (कोणत्या ते सांगत नाही, भांडा.)

शंकासुर
वा वा. धाग्याचं काश्मीर व्हायला फक्त चार प्रतिसाद लागले.

कोपऱ्यातला
भांडणाआधी थोडा इतिहास घ्या, मग भांडा. इंग्रज सरकारने १८६१ च्या कायद्यानंतर इथे ज्या पहिल्या नोटा काढल्या त्यांच्यावर बाईच होती: व्हिक्टोरिया. खोट्या नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळे त्या १८६७ मध्ये बदलाव्या लागल्या. तेव्हा 'बाई कधी' याचं उत्तर 'अगदी सुरुवातीला', फक्त आपली नव्हती. १९९६ पासून गांधी मालिका आहे आणि रिझर्व्ह बँकेने तो चेहरा बदललेला नाही.

नाण्यांवर मात्र बायका आहेत. सातवाहनांचं एक चांदीचं नाणं मिळालंय, त्यावर सातकर्णीच्या नावासोबत नागनिकेचं नाव आहे. नूरजहाँच्या नावाची नाणी जहांगीराच्याच हयातीत पाडलेली. आणि २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीला ३०० रुपयांचं नाणं निघालं. पण ते संग्रहाचं नाणं, व्यवहारात फिरणारं नव्हे.

खजिनदार
स्मृतिनाणी खिडकीवर कधी येत नाहीत. आलीच तर लोक घाबरतात, चालेल का म्हणून विचारतात.

मुंगूस
म्हणजे ज्यांना मान द्यायचा त्या कपाटात आणि ज्यांना वापरायचं ते बाजारात?

ओवी
मुंगूस, हे चांगलं बोललात, यादी माफ.

मी कोरियाचं सांगते, कारण तिथे मूळ प्रश्नावर खरंखुरं भांडण झालं होतं. दक्षिण कोरियाने २००९ मध्ये पन्नास हजार वोनची, म्हणजे सगळ्यात मोठी नोट काढली आणि तिच्यावर शिन साइमदांग आणली. सोळाव्या शतकातली चित्रकार, कवयित्री. आणि सगळ्यात मोठी ओळख: यी आय या थोर तत्त्वज्ञाची आई. तिथल्या स्त्रीवादी बायकाच चिडल्या. म्हणाल्या, शेवटी तुम्ही निवडलीत ती 'आदर्श माता, आदर्श पत्नी'च ना? एखादी बंडखोर का नाही?

गंमत पुढे आहे. मुलगा आधीपासून पाच हजारांच्या नोटेवर होताच. आणि २००६ च्या त्या नोटेच्या मागच्या बाजूला आईने काढलेलं म्हणतात ते फुलाकिड्यांचं चित्र होतं. म्हणजे तीन वर्षं बाई मुलाच्या नोटेच्या पाठीमागे चित्ररूपाने उभी होती. मग समोर आली ती मुलाच्या दसपट होऊन.

मधुरा_क
मुलाच्या दसपट! हे सांगणार मी घरी.

वाचनमात्र
पुन्हा लिहितोय, आता लांब आहे, क्षमस्व.

निळावंती यांच्या प्रश्नाला सगळ्यात टोकाचं उदाहरण हॅरिएट टबमन. अमेरिकेत २०१५ मध्ये काही बायकांनी मोहीम केली की वीस डॉलरवर बाई हवी. लोकांनी मतं दिली, टबमन जिंकली. २०१६ मध्ये सरकारने जाहीर केलं की ती वीस डॉलरच्या पुढच्या बाजूला येईल आणि अँड्र्यू जॅक्सन मागे जाईल. मग सरकार बदललं, २०१९ मध्ये काम पुढे ढकललं गेलं. पुन्हा सरकार बदललं, पुन्हा गती देऊ म्हणाले. नवी तारीख २०३० ची सांगितली गेली.

जॅक्सन कोण, तर स्वतः गुलाम बाळगणारा आणि कागदी पैशाचा कट्टर वैरी. त्याला कागदी नोटेवर बसवणं हीच मुळात थट्टा होती, पण ती कुणाला टोचली नाही.

टबमन जन्मली गुलाम. बाजारात माणसाचा भाव ठरवून विक्री व्हायची तो हा काळ. स्वतः पळाली, मग सुमारे तेरा खेपा करून सत्तरएक माणसं सोडवून आणली. यादवी युद्धात १८६३ मध्ये कंबाही नदीवरच्या धाडीत सातशेहून जास्त गुलाम मोकळे झाले, त्या धाडीची वाट तिने दाखवली. युद्धात केलेल्या कामाचा मोबदला मागत तिला नंतर अनेक वर्षं सरकारदरबारी खेटे घालावे लागले. शेवटी १८९९ मध्ये निवृत्तिवेतन मंजूर झालं. आठ डॉलर नवऱ्याची विधवा म्हणून आणि बारा डॉलर शुश्रूषा केली म्हणून. महिना किती झाले?

ओवी
वीस.

निळावंती
वीस.

अंगावर काटा आला वाचून.

वाचनमात्र
तिकडच्या काही कृष्णवर्णीय लेखिकांनी या नोटेला विरोधही केला. त्यांचं म्हणणं, जिला माल म्हणून मोजलं गेलं आणि जिने त्या बाजाराशी भांडण मांडलं, तिला त्याच बाजाराच्या चिन्हावर डकवणं हा सत्कार नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या. मला विरोध समजतो, तरी नोट निघावी असं वाटतं. ज्या हातांतून ती जाईल त्या हातांना जॅक्सन बघायची सवय आहे. ती मोडली तर मोडू दे.

शंकासुर
अवांतर: अमेरिकेत जिवंत माणसाचं चित्र नोटेवर छापायला बंदी आहे, ती का माहीत आहे? १८६० च्या दशकात सुट्ट्या पैशांच्या छोट्या कागदी नोटा काढल्या होत्या. त्या छापणाऱ्या खात्याचा प्रमुख स्पेन्सर क्लार्क. पठ्ठ्याने पाच सेंटच्या नोटेवर स्वतःचंच तोंड छापलं! १८६६ मध्ये कायदा करावा लागला. बाईला वीस डॉलरवर यायला दीडशे वर्षं पुरत नाहीत आणि हा कारकून दुपारच्या वेळात बसून आला.

कोपऱ्यातला
शंकासुर, तुमचं काही खरं असतं यावर आज विश्वास बसला. एक पुस्ती: मार्था वॉशिंग्टन १८८६ मध्येच एक डॉलरच्या चांदीच्या प्रमाणपत्रावर येऊन गेली होती. तेही चलनच. म्हणजे आधी कुणी आलीच नाही असं नाही. पण ती 'राष्ट्राध्यक्षांची पत्नी' म्हणून.

सई
मला मात्र सगळ्यात आवडली ती कॅनडाची नोट. दहा डॉलर, नोव्हेंबर २०१८, आणि आडवी नाही, उभी. वर व्हायोला डेस्मंड.

१९४६ मध्ये ही नोव्हा स्कोशियातल्या न्यू ग्लासगो गावी अडकली, गाडी बिघडली होती. वेळ घालवायला सिनेमाला गेली. खालच्या मजल्यावर फक्त गोऱ्यांनी बसायचं असा अलिखित नियम, म्हणून तिकीट खिडकीवर हिला माडीचं तिकीट दिलं. ही खाली जाऊन बसली. फरकाचे पैसे देते म्हणाली, ते घेतले नाहीत. पोलिसांनी ओढत बाहेर नेलं, रात्रभर कोठडीत. आता गुन्हा काय लावायचा? काळी आहे म्हणून, असं तर लिहिता येत नव्हतं. मग लावला करचुकवेगिरीचा. खालच्या आणि वरच्या तिकिटावरच्या करमणूक करात फरक होता एक सेंटचा. त्या एका सेंटसाठी दंड वीस डॉलर आणि वर खर्चाचे सहा.

२०१० मध्ये सरकारने माफी दिली, तोवर तिला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती.

निळावंती, हिच्यासाठी तुझ्या प्रश्नाचं उत्तर काय? मला वाटतं हा चोख हिशेब आहे. एका सेंटसाठी चोर ठरवलीत ना, आता दहा डॉलर मोजताना प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघा.

खजिनदार
बघत नाहीत हो. मी सांगितलं ना वर.

सई
काका!!

खजिनदार
रागावू नका, ताई. चूक माझीच. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून नातीला दाखवायला कॅनडाच्या त्या नोटेचं चित्र शोधलं. नात म्हणाली, आजोबा, ही उभी का? म्हटलं, माहीत नाही. मग दोघांनी मिळून वाचलं. म्हणजे नोट आडवी असती तर तिने विचारलंच नसतं. मोजायला मात्र उभी नोट त्रासाची, बंडलात डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं यावर वाद होतील.

बिनपाकीट
मी एक कबूल करतो. सिनेमाच्या तिकिटाची गोष्ट वाचून पाकीट शोधलं. पाकीट सापडलं, नोट नाही.

अधेमधे
धागा वर काढतोय. युरोबद्दल मी वर रडलो होतो, तर ताजी पुस्ती. युरोपियन सेंट्रल बँकेने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नोटांसाठीची चित्रं ठरवून जाहीर केली होती हे मी विसरलोच होतो. विषय दोन ठेवलेत. एक संस्कृती: पाच युरोवर मारिया कॅलास, वीसवर मारी क्युरी, दोनशेवर बेर्टा फॉन झुटनर, आणि मध्ये बेथोव्हन, सर्व्हांतेस, लिओनार्दो. सहात तीन बायका, अगदी तोलून. आणि दुसरा विषय काय असेल, ओळखा पाहू.

ओवी
पूल?

मधुरा_क
मासे?

अधेमधे
नद्या आणि पक्षी.

शंकासुर
फिलिपीन्सचा गरुड उडत उडत तिकडे पोचला.

कोपऱ्यातला
क्युरीबाई झ्लोटीत दोनच्या झाल्या, फ्रँकसोबत गेल्या, आता तिसऱ्या चलनात उभ्या राहणार असतील तर माझ्या संग्रहात जागा ठेवतो. या वेळी एकट्या. आमच्या हिला सांगितलं, तर म्हणाली, आधी पक्ष्यांशी लढू दे तिला.

निळावंती
सगळ्यांचे आभार. यादीवाल्यांचेही, जरा कमी.

इचियोची नोट जुलै २०२४ मध्ये मागे पडली. पाच हजार येनवर आता त्सुदा उमेको आली आहे. १८७१ मध्ये सहाव्या वर्षी शिकायला अमेरिकेला पाठवलेली, परत येऊन मुलींसाठी शाळा काढलेली. म्हणजे बाईच्या जागी पक्षी नाही आला, बाईच आली. जुनी नोट जपानमध्ये अजून चालते म्हणतात.

माझी मी पुस्तकात ठेवलीय, इचियोच्याच कथांच्या. मोडणार नाही. शंकासुर, आयकरवाल्यांना कळवा.